जुन्या टी-शर्टातून लहान मुलीचा फ्रॉक : साध्या पायमशीनवर शिवण्याची पद्धत

घरातल्या मोठ्या माणसाचा टी-शर्ट मानेपाशी ढिला झाला किंवा काखेत विरला, की त्याचे फडके होते. पण त्याच टी-शर्टचा पोटापासून खालचा भाग बहुतेक वेळा धडधाकट असतो आणि अनेक धुलाया सोसून इतका मऊ झालेला असतो, की लहान मुलाच्या अंगाला त्याहून चांगले कापड नवे विकत घेऊनही लवकर मिळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अनेक घरांमध्ये आईचे किंवा आजीचे काळे पायमशीन अजून चालू स्थितीत आहे, तरीही ‘होजिअरीचे, म्हणजे टी-शर्टचे ताणले जाणारे, कापड घरच्या मशीनवर शिवता येत नाही, त्याला इंटरलॉकच (कडा दोऱ्यांनी गुंफणारे मशीन) लागते’ या समजुतीमुळे पुष्कळ जणी त्या वाटेला जात नाहीत. माझीही तीच समजूत होती. माझ्या भाचीसाठी मी शिवलेल्या पहिल्या फ्रॉकचा घेर लाटांसारखा वाकडा झाला आणि तो तिच्या डोक्यातून घालताना गळ्याची टीप तटातट तुटली. त्यानंतरच्या चार-पाच फ्रॉकांत जे उमगले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरणासाठी तीन वर्षांच्या मुलीचा, अर्ध्या बाह्यांचा, खाली थोडा घेर असलेला फ्रॉक धरला आहे.

सगळ्या पायऱ्यांमध्ये दोन गोष्टी सतत लक्षात ठेवाव्या लागतात. हे कापड कुठेही ओढायचे नाही. आणि टी-शर्टवर कारखान्यात झालेले जे पक्के काम अजून शाबूत आहे, म्हणजे खालची दुमड, बाह्यांची दुमड आणि मानेची पट्टी, ते शक्य तितके वाचवून वापरायचे. साध्या मशीनवर होजिअरीची दुमड सुबक घालणे हेच सर्वांत अवघड काम आहे, आणि ते आपल्याला आयते मिळालेले असते.

१. आधी कापडाचा स्वभाव पाहा

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या मागावर विणलेल्या साडीत उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांतून ओवलेले असतात, म्हणून ती साडी उभी-आडवी ताणली तरी फारशी वाढत नाही. टी-शर्टच्या कापडात ताणा-बाणा नसतो. स्वेटरप्रमाणे एका धाग्याची कडी दुसऱ्या कडीत अडकवून ते तयार होते, आणि या कड्या आडव्या ताणल्या की पसरतात. त्यामुळे टी-शर्ट रुंदीकडे पुष्कळ आणि उंचीकडे थोडा ताणला जातो. फ्रॉकचे प्रत्येक अंग कापताना जास्त ताणला जाणारा भाग अंगाभोवती, म्हणजे रुंदीकडेच आला पाहिजे.

कापड डोळ्यांजवळ धरून उजेडात पाहा. सुलट बाजूला वेणीसारख्या बारीक उभ्या ओळी दिसतील आणि उलट बाजूला आडव्या, लहान लहान कमानी दिसतील. या उभ्या ओळी म्हणजे तुमची ओळंब्याची दोरी आहे. पुष्कळ जुने टी-शर्ट धुऊन धुऊन पिळवटतात आणि त्यांची बाजूची शिलाई कमरेपाशी पोटावर सरकून येते, हे तुम्हीही पाहिले असेल. अशा वेळी शिलाईला शिलाई जुळवून घडी घातली तर कापड तिरके कापले जाते आणि फ्रॉकही पहिल्या धुलाईनंतर तसाच पिळवटतो. माझ्या पहिल्या फ्रॉकचा घेर वाकडा होण्यामागे हेच एक मोठे कारण होते. म्हणून घडी नेहमी उभ्या ओळींवर घालावी. बाजूची शिलाई कुठे गेली आहे, याचा विचार करू नये.

या कापडाचे दोन गुण मात्र आपल्या बाजूचे आहेत. त्याच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे आतल्या कडांना इंटरलॉक केले नाही तरी चालते. दुसरे असे, की मापात अर्धा इंच चूक झाली तरी ते अंगावर सामावून घेते.

२. टी-शर्ट कसा निवडावा

सुती किंवा सुताचे प्रमाण जास्त असलेला, मध्यम जाडीचा, गोल गळ्याचा टी-शर्ट घ्या. खेळाडूंच्या जर्सीसारखे चकचकीत, निसरडे कापड पॉलिएस्टरचे असते. ते घाम टिपत नाही आणि शिकाऊ हाताला शिवायलाही कठीण जाते. शंका असल्यास आतल्या मायेतला (शिलाईपलीकडे सोडलेल्या जास्तीच्या कापडातला) एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

मग कापडाची उमेद तपासा. पोटाच्या भागावर रुंदीकडे ४ इंचांवर दोन खुणा करा, तो भाग ताणून क्षणभर धरा आणि सोडा. खुणांमधले अंतर पुन्हा ४ इंचांवर आले तर कापड चांगले आहे. साडेचार इंचांवरच राहिले तर त्याच्या कड्या सैल झाल्या आहेत आणि फ्रॉक दोन दिवसांत लोंबू लागेल. कापड उजेडासमोर धरून विरलेल्या जागा आणि बारीक भोके शोधा आणि त्यांच्याभोवती खडूने गोल करून ठेवा.

गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला मंडळांनी छापून दिलेले टी-शर्ट आपल्याकडे घरोघरी असतात. त्यांवरील रबरी छपाईवर गरम इस्त्री फिरली तर ती चिकटते, सुई तिच्यात अडकते आणि टाके सुटतात. छपाई पूर्णपणे एका भागाच्या मधोमध येत असेल तरच ती ठेवा. तिच्यावरून शिलाई जाणार असेल तर तो टी-शर्ट या कामासाठी घेऊ नका. कॉलर आणि बटणपट्टीचे टी-शर्टही पहिल्या खेपेला टाळलेले बरे, कारण बटणपट्टी बरीच खाली उतरते आणि वापरण्याजोगी जागा कमी होते.

मोठ्या मापाच्या टी-शर्टची उंची सुमारे २८ इंच आणि सपाट ठेवून रुंदी सुमारे २० इंच भरते. तीन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकची उंची सुमारे २१ इंच असते. तळापासून वर २१ इंच मोजले तर फ्रॉकचा खांदा टी-शर्टच्या छातीपाशी येतो. म्हणजे ढिला झालेला गळा आणि घामाने पिवळी पडलेली काख, दोन्ही आपोआप वगळली जातात.

३. लागणारे साहित्य

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे होजिअरीची सुई, जिला दुकानात बॉलपॉइंट सुई म्हणतात. साध्या सुईचे टोक अणकुचीदार असते. ते कडीचा धागाच कापते, आणि शिवताना काही न दिसता पहिल्या धुलाईनंतर टिपेच्या कडेने भोकांची रांग उमटते. बॉलपॉइंट सुईचे टोक किंचित गोल असते, ते धागा बाजूला सारून कड्यांच्या मधून जाते. पातळ कापडाला ११ नंबर आणि जाड कापडाला १४ नंबर घ्या. दुकानात जाताना मशीनमधली जुनी सुई बरोबर न्या, कारण घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, तर काही मशीनना पूर्ण गोल दांड्याची सुई लागते, आणि चुकीची सुई बसतच नाही. बेळगावात खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरात शिवणसाहित्य मिळते. अथणी-चिकोडीकडच्या आठवडी बाजारात विक्रेता कन्नड बोलणारा असेल तर सुईला ‘सूजी’, दोऱ्याला ‘दार’ आणि कापडाला ‘बट्टे’ एवढे तीन शब्द पुरतात.

याशिवाय पुढील वस्तू हाताशी असू द्या :

– टी-शर्टच्या रंगाचा पॉलिएस्टर दोरा (सुती दोरा ताण सोसत नाही आणि तुटतो)
– धारदार कात्री, जिने कागद कापलेला नाही
– मेजपट्टी, टेलरचा खडू, बारीक टाचण्या
– नमुन्यासाठी वर्तमानपत्राची मोठी पाने आणि शिवताना कापडाखाली घालायला कोऱ्या, पातळ कागदाच्या पट्ट्या
– जुन्या सुती साडीचा किंवा लुंगीचा पाव ते अर्धा इंच रुंद काठ, अंदाजे एक हात लांब
– २ टिचबटणे
– मुलीच्या अंगाला नीट बसणारा तिचाच एक टी-शर्ट

टाचण्या मोजून घ्या आणि काम संपल्यावर पुन्हा मोजा. लहान मुलाच्या कपड्यात एक टाचणी राहिली तर काय होईल, ते सांगण्याची गरज नाही.

४. खळ आणि इस्त्री

ही पायरी कुणी फारशी सांगत नाही, पण नव्याने शिकणाऱ्यांना मी ती आवर्जून करायला सांगेन. होजिअरीची कापलेली कड गुंडाळली जाते : वरची-खालची कड सुलट बाजूला वळते आणि उभ्या कडा उलट बाजूला वळतात. खळ दिली की कापड तेवढ्यापुरते कागदासारखे शांत होते आणि मशीनखाली सरळ चालते. खानापूर-बेळगावच्या भात पिकवणाऱ्या पट्ट्यात पेज घरात असतेच. स्वच्छ धुतलेला टी-शर्ट आधी शिलाया उसवून मोकळा करा : बाह्या वेगळ्या काढा, मानेची पट्टी उसवून जपून ठेवा, बाजूच्या शिलाया कापून पुढचा आणि मागचा भाग सुटे करा. मात्र खालची दुमड आणि बाह्यांची दुमड उसवू नका. मग बिनमिठाची पेज फडक्यातून गाळून, दुप्पट पाणी घालून तिच्यात हे भाग बुडवा, न पिळता दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. मानेची पट्टी खळीत घालू नका. तिची लवचीकता आपल्याला हवी आहे.

किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा, पण इस्त्री घासत पुढे नेऊ नका. उचलायची आणि दाबायची, एवढेच करा, कारण घासल्याने कापड इस्त्रीबरोबर लांबते. पावसाळ्यात खळीचे कापड दमट राहिले तर त्याला वास येतो आणि बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात खळ द्याल त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवायला बसा. खळ पहिल्याच धुलाईत पूर्ण निघून जाते.

५. पेपर कटिंग

नुसत्या वयावरून माप धरू नका, कारण एकाच वयाच्या दोन मुलींच्या अंगलटीत बराच फरक असतो. मुलीचा नीट बसणारा टी-शर्ट उभा दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि खांदा, मुंढा (बाही जोडण्याची गोलाई) व काखेपर्यंतची बाजू पेन्सिलीने गिरवून घ्या. नमुन्यासाठी फ्रॉक घेऊ नका. मागावरच्या कापडाचा फ्रॉक जास्त सैल बेतलेला असतो आणि त्यावरून कापलेला होजिअरीचा फ्रॉक पोत्यासारखा दिसतो.

आता मापांची पडताळणी करा. छाती २१ इंच असेल तर त्यात ३ इंच सैलपणा मिळवून २४ होतात. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ६ इंच, नमुन्यावर काखेच्या रेषेत आला पाहिजे. खांद्यापासून २१ इंचांवर तळाची रेषा मारा आणि तेथे ८ इंच रुंदी घेऊन काखेपासून सरळ तिरकी रेष जोडा, म्हणजे फ्रॉकचा पूर्ण घेर ३२ इंच होईल. एका बाजूस २ इंचांपेक्षा जास्त घेर वाढवू नका. घेर फार वाढवला तर तळाची रेषा गोलाईत कापावी लागते, नाहीतर दोन्ही बाजूंना टोके लोंबतात. आणि गोलाई कापायची म्हटली की जपलेली तयार दुमड गमवावी लागते.

गळ्याची एकूण रुंदी ५ इंच, म्हणजे घडीवर अडीच इंच ठेवा. पुढची खोली अडीच इंच आणि मागची १ इंच पुरते. असा गळा कडेने मोजला तर साधारण साडेतेरा इंच भरतो. आता मेजपट्टीने मुलीच्या डोक्याचा घेर घ्या. या वयात तो १९ ते साडेएकोणीस इंचांच्या आसपास असतो. साडेतेरा इंचांच्या गळ्यातून साडेएकोणीस इंचांचे डोके जाताना कापड ताणले जाते, पण साध्या मशीनची सरळ टीप तेवढी ताणली जात नाही, आणि माझ्या पहिल्या फ्रॉकची टीप तुटली ती याच हिशेबामुळे. गळा मोठा कापून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग फ्रॉक खांद्यावरून घसरतो. उपाय असा, की डावा खांदा उघडा ठेवून तेथे टिचबटणे लावायची. गळ्याला बंद किंवा नाडी लावण्याचा मोह टाळा. लहान मुलाच्या गळ्याभोवतीची नाडी कशात तरी अडकून फास बसण्याची भीती असते.

६. कापणी

पुढचा भाग सुलट बाजू आत घेऊन, मधल्या उभ्या ओळीवर दुमडा. नमुन्याचा तळ टी-शर्टच्या तयार दुमडीच्या कडेवर तंतोतंत ठेवा आणि मधली रेषा घडीवर लावा. टाचण्या फक्त मायेच्या जागेत टोचा. बाजूंना आणि मुंढ्याला अर्धा इंच माया ठेवा. खांद्याला मात्र पुढच्या भागावर १ इंच आणि मागच्या भागावर दीड इंच माया ठेवा, आणि कापून झाल्यावर उजव्या खांद्याची जास्तीची माया दोन्ही भागांवरून अर्ध्या इंचावर आणा. येथे डाव्या-उजव्याची गफलत फार होते, कारण पुढचा भाग आपल्यासमोर सुलट ठेवला की मुलीचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो. कात्री लावण्यापूर्वी दोन्ही भाग उलट बाजूंनी एकमेकांवर ठेवून, मुलगी समोर उभी आहे असे मानून, डाव्या खांद्यावर खडूने ठळक खूण करा.

गळ्याची गोलाई आत्ता कापू नका; नुसती आखून ठेवा. ती डाव्या खांद्याची माया दुमडून झाल्यावर कापायची आहे.

बाह्यांसाठी मुलीच्या टी-शर्टची बाही गिरवा आणि तिचा तळ जुन्या बाहीच्या तयार दुमडीवर ठेवून वरच्या गोलाईला व बाजूंना अर्धा इंच माया सोडून कापा. दोन बाह्या दोन जुन्या बाह्यांतून निघतात.

७. मशीनची जुळवणी

सुई बदलताना जुन्या सुईची चपटी बाजू ज्या दिशेला होती, त्याच दिशेला नव्या सुईची ठेवा. मशीनच्या माथ्यावर, दाबपट्टीच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) दांड्यावर जो पिळाचा स्क्रू असतो, तो दोन-तीन फेरे सैल करा. दाब जास्त असेल तर खालचे दाते खालचा पदर पुढे नेतात, दाबपट्टी वरचा पदर मागे रोखून ठेवते आणि शिलाई लाटांसारखी होते. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित कमी करा; बॉबिनच्या केसवरच्या बारीक स्क्रूला हात लावू नका, कारण एकदा बिघडलेला तो ताण पुन्हा जुळवणे नव्या माणसाला फार अवघड जाते.

टाका लहान ठेवा, एका इंचात १० ते १२ टाके येतील असा. टाके जितके बारीक, तितका एका इंचात दोरा जास्त खर्च होतो आणि तितकी टीप ताण सोसते. तुमच्या मशीनवर झिगझॅग टाका असेल तर तो अगदी अरुंद करून वापरा. तसे मशीन असलेल्यांचे काम निम्मे सोपे होते.

उरलेल्या कातरणाचे दोन तुकडे घेऊन रुंदीकडे एक वीतभर टीप मारून पाहा आणि ती हाताने ताणा. दोरा तुटला तर टाका आणखी लहान करा आणि वरचा ताण आणखी सैल करा. टाके मधेमधे सुटत असतील तर सुई चुकीची आहे किंवा नीट वर बसलेली नाही. कड लाटांसारखी झाली तर दाब अजून कमी करा, आणि तरीही जमले नाही तर कापडाखाली कोऱ्या कागदाची पट्टी घालून शिवा व मागाहून ती टिपेच्या रेषेवर फाडून काढा. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते, म्हणून या कामाला ते नको. ही चाचणी मनासारखी होईपर्यंत फ्रॉकला हात लावू नका.

सुरुवात करताना कापड सुईच्या भोकात गिळले जाते, ही नेहमीची तक्रार आहे. कडेपासून पाव इंच आत सुई उतरवा, दोन्ही दोरे मागे धरून ठेवा आणि पहिले दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून घाला. हात कापडावर कसा असावा, हे मला एका म्हाताऱ्या टेलरमामांनी दाखवले. ते म्हणाले, “ओढू नको गं, ते आपसूक जातंय. तू नुसती वाट दाखव.” त्यांची बोटे कापडावर इतकी हलकी होती, की खाली कापडाऐवजी साय आहे असे वाटावे. तो हात यायला मला दोन टी-शर्ट खर्ची घालावे लागले.

८. खांदे आणि गळा

फ्रॉकचा चांगुलपणा येथे ठरतो, म्हणून ही पायरी सकाळच्या उजेडात, स्वस्थपणे करावी.

उजवा खांदा आधी जोडा. पुढचा व मागचा भाग सुलट बाजूस सुलट बाजू लावून ठेवा, वर सुती काठाची पट्टी खांद्याच्या रेषेवर धरा आणि तिन्हींतून एक टीप मारा. हा काठ ताणला जात नसल्यामुळे खांदा पुढे कधीच लोंबत नाही.

डाव्या खांद्यावर पुढच्या भागाची १ इंच माया खांद्याच्या रेषेवर आत दुमडा, दुमडीच्या आत काठाची पट्टी ठेवा आणि कडेने टीप मारा. मागच्या भागाची माया दीड इंच आहे. ती अर्ध्यात, म्हणजे पाऊण इंच, आत दुमडून तिच्यातही काठाची पट्टी घाला आणि टीप मारा. असे केल्याने मागच्या भागाची पाऊण इंचाची दुपदरी पट्टी खांद्याच्या रेषेपुढे राहते, आणि पुढचा भाग तिच्यावर येऊन बसतो. टिचबटणे याच पट्टीवर लागतील. आत काठ नसेल तर बटण ओढताना होजिअरी फाटते, म्हणून येथे आळस करू नका. आता आखलेली गळ्याची गोलाई कापा.

गळपट्टीसाठी जुन्या टी-शर्टची उसवलेली मानेची पट्टी सर्वांत चांगली, कारण तिची वीण उभ्या सऱ्यांची असते आणि ताणून सोडली की ती परत आकसते. ती सैल पडली असेल तर उरलेल्या कापडातून रुंदीकडे दीड इंचाची पट्टी कापा. गळ्याची कड, पुढे आलेल्या पाऊण इंचासह, मोजा. आपल्या उदाहरणात ती सव्वाचौदा इंच आहे. त्यातून आठवा हिस्सा वजा केला की साडेबारा राहतात, आणि दोन्ही टोके आत दुमडण्यासाठी १ इंच मिळवला की पट्टीची लांबी साडेतेरा इंच होते. पट्टी कडेपेक्षा आखूड असणे आवश्यक आहे. सारख्या लांबीची पट्टी लावली तर गळा अंगाला न टेकता उभा राहतो.

पट्टी लांबीत दुमडा. तिचा मध्य आणि दोन्ही पाव खुणेने दाखवा, तशाच खुणा गळ्यावर करा आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच बाहेर सोडून खुणेला खूण जुळवून टाचा. पट्टीच्या मोकळ्या कडा आणि गळ्याची कड एका रेषेत, सुलट बाजूला येतील. मग पाव इंचावर टीप मारा. एवढ्या एकाच ठिकाणी हलके ताणायला परवानगी आहे : दोन खुणांमधली पट्टी गळ्याएवढी होईपर्यंत ताणायची, गळा मुळीच ताणायचा नाही. टीप झाल्यावर माया खाली वळवून इस्त्रीने दाबा, पट्टीची टोके आत सारून हाताने चार टाके घाला.

९. बाह्या आणि बाजू

डाव्या खांद्याचा पुढचा भाग मागच्या पट्टीवर नीट बसवून मुंढ्याच्या टोकाशी धावदोरा घाला, म्हणजे बाही लावताना तो सरकणार नाही. बाहीचा मध्य खांद्याच्या रेषेला लावून मुंढा सपाट असतानाच बाही जोडा. नंतर फ्रॉक उलटा करून बाहीच्या दुमडीपासून काखेतून थेट तळाच्या दुमडीपर्यंत एकच सलग टीप मारा. दोन्ही तळांच्या दुमडी समोरासमोर तंतोतंत आल्या पाहिजेत. येथे एक-दोन दोऱ्यांएवढा फरक पडला तरी बाहेरून डोळ्यांत भरतो, म्हणून तळाकडून टाचायला सुरुवात करा आणि वाढलेले कापड काखेकडे जाऊ द्या. बाजूंना आणि मुंढ्यांना पहिल्या टिपेपासून एक सूत (इंचाचा आठवा हिस्सा) अंतरावर दुसरी टीप मारून जास्तीची माया कापून टाका.

खिसा हवा असेल तर तो बाजू जोडण्याआधी लावावा. गुळेदगुड्डच्या खणाचा साडेतीन इंचांचा चौकोनी खिसा साध्या एकरंगी टी-शर्टवर फार सुरेख दिसतो. फक्त खणाचा तुकडा आधी पाण्यात भिजवून रंग सुटतो का ते पाहा, आणि खण ताणला जात नसल्यामुळे त्याचा उपयोग खिशापुरताच ठेवा, छातीच्या किंवा कमरेच्या पट्टीला नको.

टिचबटणे शेवटी लावा : एक गळपट्टीच्या टोकावर, दुसरे खांद्याच्या मध्यावर. हाताने दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक भोकातून तीन-तीन टाके घाला आणि मग नखाने जोर लावून ओढून पाहा. सैल बटण तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

१०. पहिली धुलाई आणि पुढची तयारी

मुलीला घालण्यापूर्वी फ्रॉक साध्या पाण्यात धुऊन खळ काढून टाका. ओला फ्रॉक दोरीवर खांद्याला चिमटे लावून टांगू नका. पाण्याच्या वजनाने तो लांबतो आणि आपल्या श्रावणातल्या हवेत दोन दिवस तसाच लोंबत राहतो. दोरीवर अर्धा-अर्धा आडवा टाकून, उलट बाजूने, सावलीत वाळवा. वाळल्यावर टिपांवरून एकदा बोट फिरवा, सुटलेला टाका सापडला तर तेव्हाच हाताने घाला. दाबपट्टीचा सैल केलेला स्क्रू पुन्हा पूर्ववत घट्ट करा, नाहीतर पुढच्या वेळी ब्लाउज शिवायला बसलेल्या आईची टीप वाकडी जाईल.

वर्तमानपत्राचा नमुना टाकून देऊ नका. त्यावर मुलीचे वय, छातीचे माप आणि तारीख लिहा, गळ्याच्या पट्टीची लांबी कोपऱ्यात नोंदवा आणि घडी घालून मशीनच्या खणात ठेवा. पुढच्या वर्षी छाती पुन्हा मोजा, वाढ दिसेल त्याचा चौथा हिस्सा बाजूच्या रेषेला मिळवा, तळाला दोन इंच वाढवा आणि काखेची रेषा पाव इंच खाली घ्या. बाकीचा नमुना तसाच चालतो.